विमानाच्या चित्राकडून यानाच्या चित्राकडे



व्याख्यानमालेचे पत्रक निघाले तेव्हा माझ्या नावापुढचा विषय वाचून युनियनमधल्या एका सोबत्याने मला विचारले, "काय हो, कामगारांचे प्रश्न सगळे सुटले काय?" सुटलेले नाहीत. बोनस आहे, कंत्राटी पद्धत आहे, आठाचे बारा तास कसे होतात तेही आहे. ज्यांना त्यावर ऐकायचे असेल त्यांनी व्याख्यानानंतर नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर यावे. मी तिथे असतोच. आज मात्र मी एका चुकीबद्दल बोलायला उभा आहे. ती चूक माझी आहे, याच पंचक्रोशीत घडलेली आहे, आणि तिच्या मुळाशी जाण्यासाठी मला विमान, चंद्र आणि चित्रकला या तिन्हींच्या मागे बरेच दिवस धावावे लागले.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी आपले चांद्रयान चंद्राच्या दक्षिण भागात उतरले, हे आपणा सर्वांना आठवत असेल. पुढच्याच महिन्यात जवळच्या एका शाळेत मुलांची चित्रस्पर्धा झाली आणि परीक्षक म्हणून मला बोलावणे आले. मी एके काळी पेंटर होतो एवढेच माझे भांडवल. चित्रे मांडून ठेवली होती. बहुतेकांत यानाला टोकदार नाक, मागे लालपिवळी ज्वाळा, वर निळे-जांभळे आकाश आणि त्यात पंचकोनी चांदण्या. एका मुलीने मात्र सगळे आकाश काळे केले होते. चांदणी एकही नाही, ज्वाळा नाही. करड्या जमिनीवर सोनेरी डब्यासारखे काहीतरी चार पायांवर उभे, आणि त्याची सावली काळी कुळकुळीत. मी मागे लिहिले, "आकाश अपुरे. अंतर दिसत नाही. सावलीत रंग हवा." बक्षीस दुसऱ्याला दिले आणि घरी गेलो.

हे शेरे मी उगाच मारलेले नव्हते. ते मला शिकवलेले होते. कोणी शिकवले, ते सांगतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांत माझे वडील होते. माझे वय तेव्हा तेरा. संप लांबला, शाळा सुटली, आणि लालबागेत पाट्या रंगवणाऱ्या एका गृहस्थांच्या हाताखाली मी लागलो. आम्ही त्यांना पेंटरमामा म्हणत असू. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या पाठी, मोर्चाचे फलक, सगळे तिथे होई. शिवाय मामांची एक खासियत होती: आखाती देशांत माणसे पाठवणाऱ्या ट्रॅव्हल एजंटांच्या पाट्यांवर ते विमाने काढीत. त्या काळात एअर इंडियाच्या जंबो विमानांच्या खिडक्यांभोवती राजवाड्यातल्या झरोक्यांसारख्या कमानी रंगवलेल्या असत; असे पहिले विमान १९७१ साली आले होते. ती प्रत्येक कमान मामा हाताने काढीत. गिऱ्हाईक म्हणे, "एवढ्या कशाला?" मामा म्हणत, "ज्याला जायचंय तो मोजतो."

त्यांनी मला पहिले विमान काढू दिले तेव्हा माझे वडील शेजारी उभे होते. ते बघून म्हणाले, "रे, ह्यां इमान उडणा नाय, भितीक चिकाटलां." खरेच चिकटले होते. मामांनी ब्रश घेतला. पंखाच्या टोकाला ढगाची एक पट्टी ओढली, ती पंखाने कापली जाईल अशी. पोटाखाली किंचित तांबूस रंग लावला. शेपटीकडचा भाग फिका केला. पाच मिनिटांत विमान भिंत सोडून निघाले.

त्या पाच मिनिटांत जे झाले ते विमानचित्रकारांचे सगळे शास्त्र आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी, पुस्तके वाचू लागल्यावर कळले. इंग्लंडमध्ये फ्रँक वूटन नावाचे एक चित्रकार होऊन गेले. दुसऱ्या महायुद्धात विमानतळांवर राहून त्यांनी विमाने रंगवली आणि विमाने कशी काढावीत यावर एक पुस्तकही लिहिले. वूटन आणि आमचे मामा एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांची गुरुकिल्ली एकच. विमान म्हणजे मूळची एक नळी. आधी तिचा कणा काढायचा, एक सरळ रेघ. मग नळीचे काप पाडायचे. गोल काप तिरका पाहिला की लंबवर्तुळ दिसतो, आणि त्या लंबवर्तुळाची आखूड बाजू कण्याच्या रेघेवरच पडली पाहिजे. ती जरा हलली की इंजिन पिचकलेल्या डब्यासारखे दिसते. ज्यांनी विहिरीचा कठडा किंवा तांब्याचे तोंड काढून पाहिले आहे त्यांना मी काय म्हणतो ते समजेल. त्यानंतर उजेड. वरून सूर्य आणि निळे आकाश, खालून जमीन. म्हणून पाठीवर निळी छटा आणि पोटावर मातीची ऊब. त्यानंतर हवा. वैभववाडीच्या रस्त्याने जाताना पाहा: जवळचा डोंगर हिरवा, त्यामागचा निळसर, आणि करूळ घाटाची रांग जवळजवळ आकाशाच्या रंगाची. मधली हवा अंतर दाखवते. आणि शेवटी माणूस. विमानाजवळ शिडी, शिडीवर मेकॅनिक. नाहीतर विमान आहे की खेळणे, कसे ओळखणार? विजयदुर्गच्या धक्क्यावरून समुद्रात लांब दिसणारी होडी केवढी आहे हे तिच्यावर माणूस उभा राहिल्याशिवाय सांगता येत नाही, तसेच ते.

हे सगळे नियम घेऊन मी त्या शाळेत गेलो होतो, आणि त्यांच्याच आधारे मी त्या मुलीला नापास केले.

काही आठवड्यांनी वर्तमानपत्रातले जुने कागद चाळताना एक छायाचित्र हाती लागले. आपल्या विक्रम या यानातून उतरलेल्या प्रज्ञान या गाडीने ३० ऑगस्ट २०२३ रोजी मागे वळून यानाचा फोटो काढला होता. आकाश काळे. चांदणी एकही नाही. ज्वाळा नाही. मी कागद हातात धरून बसून राहिलो. मुलीने पाहून काढले होते आणि मी पाठ केलेले तपासले होते.

मग मी वाचू लागलो. चंद्रावर हवा नाही म्हणण्याइतकी विरळ आहे, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यामुळे चित्राचे काय होते, हे शाळेत कोणी सांगत नाही. हवा नाही म्हणून दूरचा डोंगर निळा होत नाही. जवळच्या दगडाइतकाच लख्ख दिसतो. हे चित्रकाराच्याच अडचणीचे आहे असे समजू नका. फेब्रुवारी १९७१ मध्ये अपोलो १४ चे दोन अंतराळवीर, शेपर्ड आणि मिचेल, एका मोठ्या विवराच्या काठापर्यंत चालत निघाले. चढ चढले, दमले, काठ काही सापडेना, शेवटी परत फिरले. नंतर मोजमाप केले तेव्हा कळले की काठ तीसेक मीटरांच्या आतच होता! आपल्याकडचा गुराखी मधल्या हवेकडे बघून सांगतो की तो डोंगर दोन कोसांवर आहे. तिथे तो अंदाज निकामी होतो.

चांदण्यांचेही तसेच. उन्हात तळपणाऱ्या जमिनीचा आणि यानाचा फोटो घ्यायचा तर कॅमेऱ्याचे डोळे क्षणभरच उघडायचे असतात. तेवढ्यात चांदण्यांचा मंद उजेड उमटत नाही. आणि तिथे चांदणी लुकलुकणारही नाही, कारण लुकलुकणे हे हवेचे काम. ज्वाळेची गोष्ट याहून मजेची. उड्डाणाच्या वेळी श्रीहरिकोट्याहून उठताना बाजूच्या दोन घन इंधनाच्या नळकांड्यांतून डोळे दिपवणारी आग आणि पांढरा धूर निघतो, ते आपण पाहिले आहे. पण वर, पोकळीत, इंजिनातून निघालेला वायू दाबायला भोवती हवाच नसते. तो छत्रीसारखा पसरतो आणि चंद्रावर उतरणाऱ्या यानाची छोटी इंजिने जे इंधन जाळतात त्याचा झोत जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती खालची उडणारी धूळ.

मग मामांचे शास्त्र फुकट गेले काय? मला तसा राग आला होता खरा. चाळीस वर्षांची शिकवण एका काळ्या कागदाने पुसली असे वाटले. पण शांतपणे पाहिले तेव्हा लक्षात आले की मामांच्या नियमांत दोन जाती आहेत. एक वस्तूची आणि एक हवेची. हवेचे नियम पृथ्वीवरच सोडून द्यावे लागतात. वस्तूचे नियम चंद्रापर्यंत जातात, आणि तिथे ते जास्तच कडक होतात. ढग नाही, धुके नाही, चूक झाकायला काही नाही. आपला जो मोठा अग्निबाण चांद्रयान घेऊन गेला तो साडेत्रेचाळीस मीटर उंच. मधला भाग चार मीटर व्यासाचा, बाजूची नळकांडी तीन मीटरांहून थोडी जास्त. नुसत्या नळ्या! ज्याला लंबवर्तुळ जमत नाही त्याने अग्निबाणाच्या वाटेला जाऊ नये.

हा प्रवास प्रत्यक्ष करून दाखवणारा एक चित्रकार अमेरिकेत होता, रॉबर्ट मॅकॉल. महायुद्धाच्या काळात सैन्याच्या विमानदलात, मग विमानांची चित्रे, आणि पुढे अवकाशयाने. १९६८ सालच्या '२००१: अ स्पेस ओडिसी' या चित्रपटाची भित्तिपत्रके त्याची, आणि १९७६ साली वॉशिंग्टनच्या विमान-अवकाश संग्रहालयात कित्येक मजले उंच भिंतचित्रही त्याने काढले. त्याच्या यानांना वजन असते. हाताने ठोकून पाहावे असे वाटते. ते विमानांकडून आलेले आहे. पण मला त्याच्याहून शिकवून गेला तो चेसली बोनेस्टेल, कारण तो चुकला. मूळचा वास्तुकलेकडचा माणूस. पुढे चित्रपटांसाठी देखावे रंगवणारा. १९४४ साली 'लाइफ' साप्ताहिकात त्याने शनीची चित्रे काढली, त्याच्या उपग्रहांवरून शनी कसा दिसेल ती. हिशेब करून काढलेली चित्रे, खडीसाखरेसारखी स्वच्छ. १९५७ साली बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयासाठी त्याने चंद्राच्या देखाव्याचे चाळीस फूट लांबीचे चित्र केले. डोंगर सुळक्यासारखे, टोकदार. विचार सरळ होता: तिथे पाऊस नाही, वारा नाही, मग डोंगर झिजणार कसे? १९७० साली ते चित्र उतरवले गेले. तोवर याने चंद्रावर जाऊन आली होती आणि डोंगर आपल्या सड्यासारखे बोथट, गोलसर दिसले होते. पाऊस नसला तरी अब्जावधी वर्षे बारीक उल्कांचा मारा चालूच होता. त्याने सगळे घासून काढले. एवढा हिशेबी माणूस, पण झिजवणारा दुसराही कोणी असू शकतो हे त्याच्या गणितात आले नाही. मला हे वाचून जरा हायसे वाटले, हे कबूल करतो.

आता सावलीचे. मुलीने सावली काळी काढली होती आणि मी तिला रंग सांगितला होता. यात गंमत अशी, की दोघेही अर्धे अर्धे चुकलो. निळ्या आकाशाचा रंग तिथल्या सावलीत नाही, तेव्हा माझा शेरा चूक. पण उन्हाने उजळलेली आसपासची जमीन सावलीच्या बाजूवर उजेड टाकते. अपोलोच्या छायाचित्रांत यानाची अंधारी बाजूही बरीच दिसते ती त्यामुळे. म्हणजे मामांचा पोटाखालचा तांबूस रंग चंद्रावरही लागतो, फक्त तांबूस नव्हे, करडा. हे मला सापडले त्या रात्री मी एकटाच खोलीत हसलो.

इथे कोणीतरी उठून म्हणेल की आमच्याकडे विमाने फार पूर्वीच होती आणि त्यांची चित्रेही आहेत. चित्रे आहेत, हे खरे. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली ती चित्रे १९२३ साली बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एल्लप्पा नावाच्या आरेखकाने काढली. १९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तो ग्रंथ तपासला. त्यांचा निष्कर्ष असा, की तो विसाव्या शतकातला आहे, त्यातली याने उडू शकत नाहीत, आणि चित्रांत जी यंत्रे दिसतात ती आरेखकाच्या ओळखीची आधुनिक यंत्रे असावीत. आपल्या मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी त्या शास्त्रीबुवांच्या मार्गदर्शनाखाली नमुने करून पाहिले, पण एकही उडाला नाही, असेही त्यांनी नोंदले आहे. तळपद्यांची मला टिंगल करायची नाही. हाताने करून पाहणारा माणूस होता तो. न उडणारे यंत्र तयार करून बघण्यालाही हिंमत लागते. एल्लप्पांबद्दल मला जास्त कुतूहल वाटते. समोर यंत्र नाही, फक्त कोणी बोललेले ऐकायचे, आणि हात तर रोजची इंजिने काढून सरावलेले. मीही स्पर्धेत तेच केले होते. डोळ्यांपुढे यान, आणि हातात लालबागची पाटी.

मामांचा शेवटचा नियम अजून राहिला आहे, तो माणसाचा. आणि युनियनवाला म्हणून तो मला सर्वांत जवळचा. यानाच्या चित्रांतून माणूस नाहीसा झालेला आहे. यान एकटे, झगझगीत, जणू कारखान्याशिवाय जन्मलेले. विक्रम यान केवढे होते, सांगा. मुलांच्या चित्रांत ते दुमजली घराएवढे होते. प्रत्यक्षात त्याचे अंग लांबीरुंदीला दोन-दोन मीटर, आपल्या घरातल्या खाटेची लांबी धरा, पाय वेगळे. शेजारी माणूस उभा केला असता तर कोणी चुकले नसते. १९६५ साली अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल याला अंतराळवीरांचे चित्र काढायचे होते. त्याने अवकाश-संस्थेकडून खरा पोशाख मागवून घेतला आणि चित्रात ग्रिसम व यंग या दोन वीरांबरोबर पोशाख चढवणारे तंत्रज्ञही काढले. ते तिथे कामावर आहेत. बंद घट्ट झाले की नाही, ते पाहत आहेत. आपल्याकडे थुंब्याचे ते प्रसिद्ध छायाचित्र आहे, सायकलवरून अग्निबाणाचे टोक नेणारे. आणि १९८१ सालचे, 'ॲपल' उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला. लोक ती चित्रे गरिबीची म्हणून दाखवतात. मी ती प्रमाणाची म्हणून पाहतो: यंत्र केवढे आणि त्याला हात लावणारा माणूस केवढा, हे त्यांत दिसते.

आणि ते हात दूरचे नाहीत. आपल्या अग्निबाणांतली विकास इंजिने मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार होतात. बाजूच्या त्या मोठ्या नळकांड्यांची कवचे पुणे जिल्ह्यात वालचंदनगरला बनली आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी वीस वर्षे कामगारांत वावरलो. लेथवरचा माणूस मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी किती वेळ श्वास धरून उभा राहतो, ते मी पाहिले आहे. आपल्या गावचे किती जण मुंबईच्या कारखान्यांत आहेत ते तुम्ही मला सांगाल. ज्या मुलाचा मामा किंवा चुलता वेल्डर आहे, त्याने यानाच्या चित्रात जोडाची रेघ काढावी, नुसता सोनेरी रंग फासू नये. ते सोनेरीही सोने नव्हे. पिवळसर पारदर्शक पट्टीच्या मागे ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो म्हणून तसे दिसते. यंत्राला ऊन आणि थंडी बाधू नये म्हणून घातलेली ती गोधडीच म्हणा, अनेक पदरांची. ती सुरकुतलेली असते. सुरकुती काढा, एका कडेला सूर्य, दुसरीकडे काळे आकाश. विमानाच्या गुळगुळीत पत्र्याने हे शिकवले नव्हते.

पेंटरमामा आता नाहीत. फ्लेक्स आले आणि त्यांची भिंत गेली. शेवटी शेवटी ते फ्लेक्सच्या दुकानात बसून संगणकावरच्या पोराला सांगत, "विमानाच्या पोटाला रंग दे रे," आणि पोरगा म्हणे, "मामा, ते फोटोतून येतं तसंच येतं." त्यांना मी हे चंद्राचे सांगितले असते तर ते भांडले असते आणि मग रात्रभर बसून करडा रंग कालवला असता, एवढे मला ठाऊक आहे.

रशियाचा लिओनोव्ह १९६५ च्या मार्चमध्ये यानाबाहेर पडणारा पहिला माणूस. त्याने अवकाशात रंगीत पेन्सिली नेल्या होत्या, निसटू नयेत म्हणून बांधून. तिथे त्याने सूर्योदयाचे चित्र काढले. ते मला सर्व अवकाशचित्रांत खरे वाटते. आकार साधा आहे; पट्ट्या आहेत रंगाच्या. पण पाहून काढले आहे.

गेल्या महिन्यात मी त्या मुलीच्या घरी गेलो. घर सापडायला वेळ लागला, कारण मला तिचे नाव आठवत नव्हते, चित्र आठवत होते. तिच्या आईने चहा केला. मी मुलीला म्हटले, "बाय, तुझं चित्र बरोबर होतं. माझा शेरा चुकीचा होता." तिला फारसे काही वाटलेले दिसले नाही. मी विचारले, चांदण्या नसतात हे तुला कोणी सांगितले? ती म्हणाली, "कोणी नाय. फोटोत चांदण्यो नाय होत्यो." चित्र कपाटाच्या आत चिकटवलेले होते. मी चष्मा लावून पाहिले, तर इंजिनाच्या तोंडाचे लंबवर्तुळ कण्यापासून सरकलेले होते, चांगलेच. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून कोऱ्या कागदावर ते पुन्हा काढले: आधी कणा, मग आडवी रेघ, मग गोल. सावलीत थोडा करडा रंग तिने स्वतःच घातला. मग तिने विचारले, यानाशेजारी माणूस काढला तर चालेल काय, तिथे तर कोणीच नव्हते. मी म्हटले, चंद्रावर नको. श्रीहरिकोट्याला पाठवण्याआधीचे चित्र काढ, तेव्हा त्याच्याभोवती बरेच जण होते. यानाचे तीन पाय झाले आहेत, चौथा आणि माणसे राहिली आहेत. सुटी लागली की पुरे करीन, म्हणाली.